आवाज फुटल्यानंतर

मुलगा तेराचौदा वर्षांचा झाला की त्याचा आवाज फुटतो. घरात दोनचार महिने थट्टा चालते, फोनवर आत्या त्यालाच त्याचे वडील समजून बोलू लागते आणि मग सगळ्यांना नव्या आवाजाची सवय होते. आपण मुलगा नाही हे जिला आतून ठाऊक असतं, पण जिला सगळं गाव मुलगाच म्हणतं, तिच्याही गळ्यात नेमकं हेच घडतं. पुढे कधीतरी ती नाव बदलते, केस वाढवते, संप्रेरकांचे उपचार सुरू करते, कागदपत्रं दुरुस्त करून घेते. त्वचा मऊ होते, चेहऱ्याची ठेवण थोडी बदलते. आवाज मात्र होता तिथेच राहतो. बँकेच्या कॉल सेंटरला फोन लावून तिनं स्वतःचं नाव सांगितलं की पलीकडून विचारणा होते, ‘सर, खातेदार स्वतः बोलू शकतील का?’

हे पुस्तक त्या आवाजाबद्दल आहे. पारलिंगी स्त्रियांसाठी ते लिहिलं आहे, आणि स्वतःला पूर्णपणे स्त्री न म्हणवणाऱ्या, पण पुरुषी आवाज नकोसा झालेल्यांसाठीही. वाचोपचार शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि घरच्या माणसांनी ते वाचलं तर बरंच होईल.

आधी एक गैरसमज दूर करतो, कारण त्यापायी अनेकींची दोनतीन वर्षं वाट पाहण्यात जातात. इस्ट्रोजेननं आवाज चढत नाही. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्राची कूर्चा वाढते, कंठमणी पुढे येतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात. हे एकदा झालेलं बांधकाम इस्ट्रोजेन पाडत नाही. पारलिंगी पुरुषांनी टेस्टोस्टेरॉन सुरू केलं की काही महिन्यांत आवाज आपोआप उतरू लागतो. तशी सोय उलट्या दिशेला नाही. कंठमणी तासून लहान करण्याची शस्त्रक्रिया असते, तिनंही आवाज बदलत नाही. ती मानेच्या दिसण्यापुरती आहे, आणि हयगयीनं केली तर आवाज आणखी उतरण्याचीच भीती.

मग सरावानं काय बदलतं? स्वरतंतूंची लांबी बदलत नाही, कूर्चा आक्रसत नाही. आहे त्याच यंत्राचा वापर बदलतो. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण आपला आवाज म्हणून आपण जे ओळखतो त्यातला फार मोठा भाग हा वापराचाच असतो.

नव्यानं येणारी प्रत्येक जण आवाज म्हणजे पट्टी असं धरून येते. मोबाइलवर सुराचा आकडा दाखवणारं ॲप असतं आणि आकडा वर नेला की काम झालं असा हिशेब असतो. तो हिशेब एकदा नीट मांडून पाहू. साधं बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला बहुधा 100 ते 130 वेळा कंपतात, बाईचे 180 ते 220 वेळा. पेटीवर बोट ठेवून पाहा. पुरुष गायकांच्या नेहमीच्या काळी एकचा षड्ज साधारण 139 हर्ट्झचा, आणि त्याचा शुद्ध मध्यम 185 चा. म्हणजे काळी एकमध्ये गाणारे बुवा ज्या मध्यमावरून सहज पुढे पंचमाला जातात, त्या सुरावर बायका भाजीचा भाव विचारत असतात. तो सूर लावणं अवघड नाहीच. भजनाला बसलेले आजोबाही तिथवर पोचतात, आणि तरीही ते आजोबाच वाटतात.

पट्टीला महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. 155-160 हर्ट्झच्या खालचा आवाज ऐकणाऱ्याला सहसा बाईचा वाटत नाही. पण तेवढं ओलांडलं की पट्टीची मातब्बरी झपाट्यानं कमी होते. मग इतर गोष्टी ठरवतात, आणि त्यांच्याकडे आकडा दाखवणाऱ्या ॲपचं लक्षच नसतं.

पट्टीच्याच मागे लागलं की काय होतं, ते गाणाऱ्यांना ठाऊक आहे: चोरटा आवाज लागतो. स्वरतंतूंच्या नुसत्या कडा कंपतात, सूर उंच जातो, आवाजातला कस जातो. बोलण्यात तो ऐकला की आपल्याकडच्या प्रेक्षकाला तमाशातला नाच्या आठवतो, गणपत पाटलांनी चित्रपटांतून घरोघरी पोचवलेला. तो आवाज हसण्यासाठीच घडवलेला होता आणि त्याला हसत हसतच आपण लहानाचे मोठे झालो. म्हणून पहिल्या आठवड्यात स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकून अनेक जणी सराव सोडतात. त्यांना ऐकू येतो तो नाच्या, आणि आपल्या नशिबी हाच असं त्यांना वाटतं. तो त्यांचा आवाज नसतो. पट्टी चढली आणि बाकी सगळं जुनंच राहिलं, एवढाच त्याचा अर्थ.

ते बाकीचं म्हणजे पहिल्यांदा घुमारा. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी पुरुषात साधारण 17 सेंटिमीटर असते, बाईत 14 ते 15. नळाखाली कळशी भरायला ठेवली की पाणी चढेल तसा आवाज बारीक होत जातो. नळ तोच, धार तीच, आतली मोकळी जागा मात्र कमी होत असते. गळ्यात हेच करायचं असतं. आवंढा गिळताना कंठमणी वर सरकतो. तिथे तो थोडा वेळ, जोर न लावता, थोपवायला शिकायचं. जिभेचा मागचा भाग पुढे आणि वर आणायचा. घसा जांभई दिल्यासारखा रुंद होतो, तो होऊ द्यायचा नाही. पोकळी दोनअडीच सेंटिमीटरनं आखूड झाल्यासारखी वागू लागते आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात बोलणाऱ्या माणसाचं आकारमान बदलतं. सूर तोच असला तरी.

याचा पुरावा हवा असेल तर कुजबुजून पाहा. कुजबुजताना स्वरतंतू कंपत नाहीत, म्हणजे पट्टी नावाची गोष्टच उरत नाही. तरीही कुजबुजणारा पुरुष आहे की बाई, हे बहुतेक वेळा कळतं. म्हणून या पुस्तकातले पहिले धडे कुजबुजीचे आहेत. पट्टीची चिंता बाजूला राहते, कानाला फक्त घुमारा ऐकू येतो, आणि शेजारच्या खोलीतल्यांना काहीच ऐकू जात नाही. एका खोलीत चौघं राहतात अशा घरांतल्या मुलींना ही शेवटची सोय किती मोलाची आहे, ते त्यांनाच विचारावं.

दुसरी गोष्ट म्हणजे वजन. जाड स्वरतंतू एकमेकांवर पूर्ण, जोरात आणि जास्त वेळ मिटले की आवाज भरदार, किंचित खरखरीत होतो. हलके मिटले की तोच सूर पातळ, गुळगुळीत येतो. वजन कमी करायचं पण चोरट्यात जायचं नाही, आणि कुजबुजीतली हवाही आत येऊ द्यायची नाही. ही वाट अरुंद आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विद्येतला सर्वात कठीण भाग हाच. पट्टी यंत्र दाखवतं, घुमारा हाताला लागतो, वजनासाठी मात्र कानाशिवाय दुसरा गुरू नाही. त्यातून आवाज मोठा केला की वजन लगेच परत येतं. त्यामुळे निवांत खोलीत उत्तम जमलेला आवाज रिक्षाला हाक मारताना किंवा भावाशी भांडताना एका क्षणात जुना होतो.

कान आधी, गळा नंतर, हा क्रम मी आग्रहानं ठेवला आहे. स्वतःच्या आवाजात काय ऐकायचं हे कळत नाही तोवर रोजचा सराव म्हणजे अंधारात दगड मारणं. कान तयार झाला की रोजची दहापंधरा मिनिटंही पुरतात, मात्र महिनोन् महिने. एका बैठकीत तासभर घसा ताणणाऱ्या मुली महिन्याभरात घसा बसवून घेतात.

आता मराठीबद्दल. हे पुस्तक मराठीत लिहिण्याचं खरं कारण तेच आहे.

या विषयावरचं बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे. मेलबर्नच्या जेनिफर ओट्स आणि जॉर्जिया डकाकिस यांनी 1983 मध्येच याचा शास्त्रीय आढावा घेतला होता. 2017 मध्ये मॅथ्यू मिल्स आणि गिली स्टोनहॅम यांचं शिकणाऱ्यांसाठीचं पुस्तक आलं. वाचनाचे उतारे इंग्रजी, नमुन्याचे आवाज इंग्रजी. आपल्याकडच्या मुली यूट्यूबवर अमेरिकन बायकांकडून शिकतात, छान शिकतात, आणि आईला फोन लावला की पहिल्याच ‘हं, बोल’ला जुन्या जागी येतात. यात सवयीचा भाग मोठा आहे, कारण आईशी बोलण्याचा आवाज लहानपणापासून मुरलेला असतो. पण ध्वनींचाही भाग आहे. घ, झ, ढ, ध, भ हे महाप्राण आणि म्ह, न्ह, व्ह हे आपले खास उच्चार करताना स्वरतंतू सैल होतात, हवा सुटते आणि त्यांच्यामागून येणारा स्वर किंचित खाली घसरतो. इंग्रजीत हे ध्वनीच नाहीत. म्हणून इंग्रजीत पक्का झालेला आवाज मराठीत आला की ‘म्हणजे’, ‘म्हणून’, ‘भेटू’ अशा ठिकाणी ठेचकाळतो. आणि मराठी माणूस ‘म्हणजे’ म्हटल्याशिवाय एक वाक्य पुरं करत नाही.

त्यामुळे इथली वाक्यं मी पायरीपायरीनं रचली आहेत. सुरुवात ई, ए आणि अनुनासिकांपासून, कारण ईकाराला जीभ आपोआप पुढे येते आणि सूरही थोडा चढा राहतो: ‘मीनामामी नेमानं मिरी निवडते.’ आकार, ओकार, ऊकारावर भर नंतर. सगळ्यात शेवटी ‘भर पावसात म्हातारी म्हैस व्हरांड्यात घुसली’ असली वाक्यं. त्यांत साहित्यगुण शोधू नयेत.

दुसरी अडचण व्याकरणाची. मराठीत ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे पहिल्याच क्रियापदाला सांगून टाकावं लागतं. फोनवरच्या माणसाला तुम्ही दिसत नाही, पण तुमचं क्रियापद ऐकू येतं. खर्जातल्या आवाजात ‘मी उद्या येते’ म्हटलं की पलीकडे क्षणभर शांतता पसरते. अनेक मुली ही शांतता टाळण्यासाठी वर्षानुवर्षं क्रियापदं चुकवत बोलतात: ‘उद्या येणं होईल’, ‘काल जाणं झालं’. बोलणं सरकारी पत्रासारखं होतं. मात्र आवाज थोडासा जरी सरकला तरी हेच व्याकरण बाजू बदलतं. आवाज संदिग्ध असेल आणि कानावर ‘येते’ पडलं, तर ऐकणारा बाईच्या बाजूनं कौल देतो. त्यामुळे स्त्रीलिंगी क्रियापदं एकान्तात, मोठ्यानं, पहिल्या दिवसापासून बोलायची असं मी सांगतो. कोल्हापूरकडच्या मुलींची गोष्ट निराळी. तिथे बायकाही ‘मी येतो’, ‘जेवलो’ म्हणतात. त्यांना क्रियापद बदलावं लागत नाही, पण मग ते त्यांच्या मदतीलाही येत नाही. सगळा भार गळ्यावर.

आणि बायका बोलतात कशा? इथे जपून राहायला हवं. जुन्या पाठ्यपुस्तकांत स्त्रियांच्या बोलण्याची यादी असायची: वाक्याचा शेवट वर न्यावा, हळू बोलावं, हातवारे असे करावेत. आपल्याकडे त्याचं भाषांतर केलं तर नाटकातली ‘इश्श’ म्हणणारी नायिका तयार होईल. यवतमाळची शेतकरीण, मालवणची मासेवाली, सदाशिव पेठेतली निवृत्त शिक्षिका यांच्या हेलात काय साम्य आहे? शिकणाऱ्या मुलीनं आपल्या घरातल्या, गावातल्या, आपल्या वयाच्या बायका ऐकाव्यात. चाळिशीच्या बाईनं विशीतल्या मुलीचा आवाज काढला तर तोही खटकतो. आणि खालच्या पट्टीच्या बायकांना विसरू नये. गंगूबाई हनगलांचं तरुणपणचं रेकॉर्डिंग आणि नंतरचं गाणं एकामागोमाग ऐकावं. त्यांचा नंतरचा आवाज इतका भरदार आणि रुंद आहे की त्यांची ओळख नसलेला माणूस गाणारा पुरुष समजेल. त्यांच्या बाईपणाला त्यानं काय बाध आला?

मराठी वाचकाला इथे बालगंधर्व आठवणार हे उघड आहे. 1905 मध्ये किर्लोस्कर मंडळीत आलेल्या नारायण राजहंसांनी भामिनी आणि सिंधू अशा उभ्या केल्या की घरंदाज बायका त्यांच्यावरून साडी नेसायला शिकल्या. पुरुषाच्या गळ्यातून स्त्री ऐकण्याची सवय महाराष्ट्राला शंभर वर्षांपूर्वीच होती, ही गोष्ट मला दिलासा देणारी वाटते. पण साम्य तिथेच संपतं. नटाचा तो आवाज रंग उतरवताना उतरत असे, आणि प्रेक्षकाला तसं माहीत असणं हाच त्यातल्या आनंदाचा भाग होता. इथे झोपेतून उठल्यावरचा पहिला शब्दही त्याच आवाजात यावा लागतो. कौतुकाला कोणी बसलेलं नसतं. आवाजाकडे कोणाचं लक्षच गेलं नाही, तर काम फत्ते.

वाचोपचारातल्या माझ्या व्यवसायबंधूंसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. कान-नाक-घसा विभागात आपण एक तक्रार नेहमी पाहतो: वयात येऊनही आवाज बारीकच राहिलेला तरुण. त्याचं स्वरयंत्र वाढलेलं असतं, वापर मात्र जुनाच असतो. आपण कंठमणीवर बोट ठेवतो, खोकायला लावतो, खालचा सूर शोधून देतो, आणि पुष्कळदा थोडक्याच बैठकांत त्याचा आवाज उतरतो. घरचे पेढे आणतात. आवाजाचा वापर बदलून माणसाला त्याच्या लिंगाशी जुळणारं बोलणं देण्याचं काम आपण पूर्वापार करत आलो आहोत, फक्त एकाच दिशेनं. तीच विद्या उलट दिशेला लावायची म्हटली की अनेकांना ती अचानक अनैसर्गिक वाटू लागते. उलट दिशेला वेळ जास्त लागतो, कारण तिथे यंत्र साथ देत नाही. पण विद्या तीच आहे.

‘खऱ्या आवाजात बोल ना’ असं घरचे म्हणतात, त्यांच्यासाठीही थोडं. चारपाच वर्षांच्या मुलामुलींच्या स्वरयंत्रात जवळजवळ फरक नसतो. तरीही नुसतं बोलणं ऐकून मुलगा की मुलगी हे पुष्कळदा ओळखता येतं. म्हणजे आवाज फुटण्याच्या कितीतरी आधी मुलं आपल्या बाजूचं बोलणं ऐकून ऐकून उचलतात. सगळ्यांचाच आवाज असा शिकलेला असतो, फक्त शिकल्याची आठवण कोणाला नसते. तुमच्या मुलीनं तो तिसाव्या वर्षी शिकला, म्हणून तिला आठवण आहे. तिला टोकू नका, आणि सराव चालू असताना दार उघडू नका.

शस्त्रक्रियांबद्दल थोडक्यात, कारण त्या माझ्या विषयाबाहेरच्या आहेत. जपानी शल्यविशारद इशिकी यांनी 1970 च्या दशकात स्वरतंतू ताणून ठेवण्याची पद्धत बसवली. जर्मनीच्या वेंडलर यांच्या नावानं ओळखली जाणारी शस्त्रक्रिया स्वरतंतूंचा पुढचा भाग एकमेकांना शिवून कंपणारी लांबी कमी करते. दोन्हींमुळे पट्टी चढते. घुमारा जिथल्या तिथे राहतो. त्यामुळे शस्त्रक्रिया केली तरी सराव चुकत नाही, हे आधीच माहीत असावं.

पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा नालसा निकाल आला, 2019 चा कायदा झाला. कायद्यात शस्त्रक्रिया, संप्रेरकं, लेसर यांचा स्पष्ट उल्लेख झाला, आवाजाचा वेगळा उल्लेख नाही. पारलिंगी आरोग्यावरच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या 2022 च्या आठव्या आवृत्तीत आवाजाला स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्याकडच्या सार्वजनिक रुग्णालयांत वाचोपचारतज्ज्ञ मुळात कमी, आणि जे आहेत त्यांच्या दाराशी तोतरेपणाची, पक्षाघाताची, ऐकू न येणाऱ्या मुलांची रांग. त्या रांगेत उभं राहून ‘मला बाईचा आवाज हवाय’ हे सगळ्यांदेखत सांगणं किती जणींना जमेल?

आणि हे सगळं हवंच असं नाही. हिजडा जमातीतल्या कितीतरी जणींनी आपला आवाज आहे तसा, टाळीसकट, मोठ्यानं वापरला आहे आणि त्यात त्यांना काही कमी वाटत नाही. काही जणींना ऑफिसात एक आणि मैत्रिणींत दुसरा आवाज हवा असतो. काही जणी अर्ध्या वाटेवर थांबून म्हणतात, इतका पुरे. किती बदलायचं हे शिकणारीनं ठरवायचं, शिकवणाऱ्यानं नाही. ध्येय स्वतःच्या कानाला पटेपर्यंत ताणणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी तोंड उघडणंच सोडलेलंही पाहिलं आहे.

पुस्तक वापरण्याबद्दल. प्रकरणं क्रमानं घ्यावीत. सरावात घसा दुखू लागला किंवा खवखवला तर त्या दिवशी थांबावं, पाणी प्यावं, तोंडातल्या तोंडात गुणगुणावं किंवा नळीतून पाण्यात बुडबुडे काढत सूर लावावा. दोनतीन आठवडे घोगरेपणा गेला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून स्वरतंतू तपासून घ्यावेत, आणि तोवर एकही धडा करू नये. सर्दीखोकल्यात आवाज घसरतो, त्याचं मनाला लावून घेऊ नये. शिंक, ठसका आणि खदखदून हसणं यांचं प्रकरण मी शेवटी ठेवलं आहे. ते सगळ्यात उशिरा बदलतात, आणि ते आधी उघडणाऱ्यांचा उरलेल्या पुस्तकावरचा विश्वास उडतो असा माझा अनुभव आहे.